पत्र्याची होडी मागे का येत नाही?

यंत्रखेळण्यांची घडण : लेखांक ९

चावीच्या खेळण्यांतील गतिनियंत्रकाचे, म्हणजे ताणलेली स्प्रिंग एकदम उलगडू न देता तिचा वेग आवरून धरणाऱ्या चिमुकल्या पंख्याचे, विवेचन या लेखांकात करावयाचे ठरले होते. परंतु मागील वेळी वाफेवर चालणाऱ्या पत्र्याच्या होडीचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर एका वाचकांनी असा प्रश्न पाठवला, की तो बाजूला सारून पुढे जाणे बरे दिसणार नाही. होडीच्या नळ्यांमधून जेवढे पाणी मागे फेकले जाते, तेवढेच त्याच नळ्यांमधून परत आत ओढले जाते, हे खरे असेल तर पाणी बाहेर पडताना होडी जितकी पुढे सरकेल तितकीच ते आत येताना मागे यावयास हवी. मग जत्रेतल्या विक्रेत्याच्या घमेल्यात ती वातीत तेल असेपर्यंत फिरत राहते ती कशी, असे ते विचारतात. त्याच पत्रात त्यांनी होडीत एक सुधारणाही सुचवली आहे, तिचा विचार शेवटी करू. गतिनियंत्रक अर्थातच पुढील अंकावर गेला.

या होडीचे इंजिन म्हणजे पत्र्याची एक चपटी डबी आणि तिच्यातून निघून होडीच्या मागच्या टोकाला पाण्याखाली उघडणाऱ्या दोन बारीक नळ्या, एवढेच असते. पाण्याची वाफ डबीत होते म्हणून तिला बाष्पक म्हणावयाचे. तिच्याखाली तेलाची वात किंवा मेणबत्तीचा तुकडा जळतो. झडप नाही, दट्ट्या नाही, चाक नाही. नळ्या दोन असतात त्या केवळ भरण्याच्या सोयीसाठी, कारण एकीत पाणी सोडले की दुसरीतून हवा निघून जाते. एरवी एकाच नळीवरही हे इंजिन चालते. दट्ट्याचे काम येथे नळीतला पाण्याचा स्तंभच करतो आणि या खेळण्याची सारी बुद्धी त्या स्तंभाच्या ये-जा करण्यात सामावलेली आहे.

ज्योतीने बाष्पक तापला की आतल्या थोड्याशा पाण्याची वाफ होते. शंभर अंशांना पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १६०० पट वाढते, म्हणजे एका थेंबाचा विसावा हिस्सा पाणीसुद्धा चहाच्या चमच्यात मावेल एवढी वाफ देते, आणि डबीतल्या पोकळीला तेवढी पुष्कळ होते. ही वाफ नळीतल्या पाण्याला बाहेर ढकलते. पण एकदा वेग घेतलेले पाणी आतला दाब बाहेरच्या दाबाएवढा झाला म्हणून तत्क्षणी थांबत नाही, ते आपल्या जडत्वाने आणखी पुढे जाते. त्याच्यामागून वाफ नळीच्या थंड भागात शिरते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते, आतला दाब हवेच्या दाबाखाली उतरतो आणि बाहेरचे पाणी नळीत परत चढते. तेही जडत्वामुळे गरजेपेक्षा थोडे अधिक आत येते, त्याचा अंश तापलेल्या पत्र्याला भिडतो, आणि नवी वाफ होते. हे चक्र एका सेकंदात कित्येकदा घडते.

अशी आपोआप टिकणारी स्पंदने केव्हा टिकतात आणि केव्हा विरून जातात, याचा नियम लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये मांडला: कंप पावणारा वायू जास्तीत जास्त दाबला गेलेला असताना त्याला उष्णता मिळाली आणि जास्तीत जास्त प्रसरण पावलेला असताना ती काढून घेतली गेली, तर कंप जोर धरतो, याउलट झाले तर तो मरतो. रॅले यांच्यासमोर नळ्यांतून निघणाऱ्या ध्वनींचा प्रश्न होता, परंतु होडीत नेमके हेच घडते, कारण पाणी आत येऊन वाफ दाबली जाते तेव्हाच नवी वाफ तयार होते आणि पाणी बाहेर जाऊन वाफ पसरते तेव्हाच ती नळीत निवते. झडपेची उणीव भासत नाही ती यामुळे.

आता मूळ प्रश्न. त्याचे अर्धे उत्तर बाहेर पडणारे आणि आत येणारे पाणी एकाच वाटेने जात नाही, या निरीक्षणात आहे. नळीतून फेकले गेलेले पाणी धारेच्या रूपाने सरळ मागे जाते. आत ओढले जाणारे पाणी मात्र नळीच्या तोंडाभोवती, सर्व बाजूंनी, गोळा होऊन येते. मेणबत्तीची ज्योत हातभर अंतरावरून फुंकर मारून विझवता येते, पण तेवढ्याच अंतरावरून तोंडाने हवा ओढून ती विझत नाही, हा भेद कोणीही पडताळून पाहू शकतो. घमेल्यात होडी हाताने धरून नळीच्या मागे शाईचा एक थेंब सोडला तर त्याची मागे लांब रेघ ओढली जाते, आणि तोच थेंब नळीच्या तोंडालगत बाजूला सोडला तर तो वळून आत शिरतो.

बहुतेक लोकप्रिय पुस्तके एवढ्यावरच थांबतात आणि तेथेच चिकित्सक वाचकाचे समाधान होत नाही, कारण पाणी कोणत्याही दिशेने गोळा झाले तरी नळीत शिरल्यावर ते होडीच्या पुढच्या टोकाच्या दिशेनेच धावते, आणि त्याला तो वेग देताना होडीला मागे ओढ बसलीच पाहिजे. ही ओढ बसते, हे मान्य करावे लागते. नळीच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि होडी क्षणभर मागे खेचली जाते. परंतु आत शिरलेले पाणी होडीतून पार निघून जात नाही. ते नळीत आणि बाष्पकात थांबते, आणि थांबताना आपला पुढच्या दिशेचा संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, होडीलाच परत करते. ओढ आणि धक्का यांची अशी फिटंफाट होते. पाणी बाहेर पडते तेव्हा मात्र त्याला मागे फेकताना होडीला पुढे रेटा मिळतो आणि ती धार आपला संवेग घेऊन घमेल्यातल्या पाण्यात कायमची निघून जाते. परतफेड करावयास ती होडीत थांबत नाही. प्रत्येक चक्रात जमेच्या बाजूला उरतो तो हा रेटा.

या मांडणीचे मूळ ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्या १८८३ च्या यामिकीवरील ग्रंथात सापडते. हवा बाहेर सोडताना फिरणारे चक्र हवा आत ओढताना उलटे का फिरत नाही, हा प्रश्न त्यांनी तेथे चर्चिला होता. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात विद्यार्थी असताना रिचर्ड फाइनमन यांनी बागेतल्या पाणी फवारणाऱ्या फिरत्या तोटीने पाणी फेकण्याऐवजी ओढले तर काय होईल, याचा छडा लावण्यासाठी सायक्लोट्रॉनच्या प्रयोगशाळेत काचेचा मोठा बुधला मांडला, हवेचा दाब वाढवत नेला, आणि शेवटी तो बुधलाच फुटला. हा वाद नंतर अनेक दशके रेंगाळला. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, घर्षण जवळजवळ नाहीसे केले असता पाणी ओढणारी तोटी उलट दिशेने फिरते खरी, पण नेहमीच्या तोटीच्या सुमारे पन्नासपट मंद, असे दिसून आले. आणि तेवढे फिरण्याचे कारणही पाणी आत शिरताना नव्हे, तर आत आलेल्या धारा एकमेकींना नेमक्या समोरासमोर न भिडल्यामुळे निर्माण होते. वरील फिटंफाट पूर्ण शून्याची नसली तरी शून्याच्या फार जवळची आहे, एवढा अर्थ होडीपुरता त्यातून घ्यावा. खुद्द होडीवर फिनी आणि कर्ल यांचा शोधनिबंध अमेरिकेतील भौतिकीच्या अध्यापकांच्या नियतकालिकात १९६३ मध्ये आला, तोवर मुले निदान सत्तर वर्षे तिच्याशी खेळत होती.

सत्तर वर्षांचा हा हिशेब १८९१ पासूनचा आहे. त्या वर्षी टोमा पियो या फ्रेंच गृहस्थांनी लहान बाष्पक आणि दोन नळ्या असलेल्या होडीसाठी ब्रिटनमध्ये पेटंटचा अर्ज केला. त्यांच्या होडीचा आवाज माफकच असावा, कारण आज ओळखीचा असलेला टकटक आवाज देणारी रचना नंतरची आहे: अमेरिकेतील चार्ल्स मॅकह्यू यांनी १९१५ मध्ये ज्या इंजिनासाठी अर्ज केला त्यात बाष्पकाचे झाकण पातळ, लवचीक पत्र्याचे होते. दाब वाढला की हा पडदा फुगतो, दाब उतरला की आत बसतो, आणि दोन्ही वेळा डबीचे झाकण दाबून सोडल्यासारखा आवाज करतो. खेळणी घडवणाऱ्याच्या दृष्टीने ही दुरुस्ती मोलाची होती, असे येथे आग्रहाने नोंदवावेसे वाटते, कारण पाण्याच्या स्तंभाची ये-जा डोळ्यांना दिसत नाही आणि पडद्यामुळे तीच ये-जा कानांना ऐकू येऊ लागली. इंजिन चालू आहे, मंदावले आहे की थांबले आहे, हे मुलाला न वाकता कळते. १९२० मध्ये विल्यम पर्सेल यांनी डबी अजिबात काढून टाकून एकाच नळीला ज्योतीभोवती वेटोळे देण्याची रचना पुढे आणली. घरी होडी करणाऱ्यांना तीच सर्वांत सोपी पडते, कारण तिला डाख द्यावा लागत नाही, पण ती फारशी बोलत नाही. पॉल जोन्स यांचा १९३४ चा अर्ज पुन्हा पडद्याच्या इंजिनाचाच, मात्र साच्यात ठोकून काढलेल्या भागांनी ते कारखान्यात झपाट्याने करता यावे, असा आहे. प्लास्टिक आल्यावर पाश्चात्त्य देशांत पत्र्याची खेळणी मागे पडली. भारतात ही होडी अजूनही बनते.

डाखाचा विषय निघाला म्हणून एक धोक्याची सूचना. कथील आणि शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. बाष्पकात पाणी असेतोवर पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही, त्यामुळे सांधे सुरक्षित राहतात. पाणी न भरता वात पेटवली तर मात्र काही मिनिटांतच सांधा उकलतो आणि होडी पुन्हा कधी चालत नाही. जत्रेतून घरी आणलेल्या होडीचे दुसऱ्याच दिवशी बिनसते, त्यामागे बहुधा हेच असते. उलट, स्फोटाची भीती येथे जवळजवळ नाही, कारण नळ्या कायम उघड्या असतात आणि दाब साठून राहावयास जागाच मिळत नाही. वाफेच्या खऱ्या बंद बाष्पकांची खेळणी जर्मनीतील मेर्कलिन आणि बिंग यांसारख्या कंपन्या करीत, त्यांना सुरक्षा झडप लावावी लागे. होडीची सुरक्षितता तिच्या घडणीतूनच आपसूक येते. ज्योत, तापलेला पत्रा आणि त्याच्या धारदार कडा यांसाठी मोठे माणूस जवळ असावे लागते, हे वेगळे.

उरली वाचकांची सुधारणा. आत येणारे पाणी होडीच्या पुढच्या टोकाकडून घ्यावे, बाहेर जाणारे मागून सोडावे आणि दोन्ही वाटांवर एकेक झडप बसवावी, म्हणजे मागची ओढ नाहीशी होऊन वेग वाढेल, असे त्यांचे म्हणणे आहे. ही कल्पना खेळण्याहून जुनी आहे. जेम्स रम्झी यांनी डिसेंबर १७८७ मध्ये अमेरिकेतील पोटोमॅक नदीवर शेफर्ड्सटाउनजवळ चालवून दाखवलेली बोट वाफेच्या पंपाने पाणी पुढून ओढून मागे फेकत असे, आणि तिने ताशी तीन-चार मैलांचा वेग गाठला होता. पंपाला झडपा लागतातच, त्यामुळे रम्झी यांना तो खटाटोप चुकवता येणारा नव्हता. पत्र्याच्या होडीत मात्र झडपा बसवून हाती फारसे काही लागणार नाही, कारण पाणी आत येण्याच्या टप्प्यात होडीचे मुळात जवळजवळ काहीच जात नाही, हे वर पाहिलेच. त्यातून दोन पाती, दोन बिजागऱ्या आणि त्यांच्यात अडकणारा काजळीचा व गंजाचा कण एवढी भर पडेल. वेगच वाढवावयाचा असेल तर नळीची लांबी आणि व्यास बदलून पाहावेत: नळी लांब केली की स्तंभ जड होऊन स्पंदने मंदावतात, फार आखूड केली की वाफ निवण्यापूर्वीच तोंडाबाहेर सुटते, आणि या दोहोंमधली जागा प्रत्येक होडीला निराळी सापडते.