माठ, कूलर आणि परसातली प्रयोगशाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे काय करायचे, हा प्रश्न अमरावती-अकोल्याकडच्या घरांत दरवर्षी निघतो. चिखलदरा जवळ असला तरी तिथे कोणी दीड महिना राहात नाही. सुट्टीचे बहुतेक दिवस घरातच जातात. सकाळी दहा-अकरानंतर मुलांना बाहेर सोडता येत नाही आणि दुपार तर संपता संपत नाही. आमच्या घरी एक चौथीतला आणि एक सातवीतली अशी दोन मुले आहेत. आम्ही ठरवले की, ज्या उन्हाळ्यामुळे घरात अडकून पडतो तोच अभ्यासाला घ्यायचा. अमरावतीच्या घरामागचे परस आणि अकोल्याला आजीकडचे अंगण ही झाली प्रयोगशाळा. साहित्य म्हणजे दोन तापमापक, दोन मडकी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मलमलीची चिंधी, थोड्या विटा आणि रेती. प्रश्न एकच होता : चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी माठातले पाणी गार कसे राहते, आणि या गारव्याची किंमत कोण मोजते?

रंगवलेले मडके

पहिला प्रयोग अगदी सोपा आहे. कुंभाराकडून सारख्या आकाराची दोन मडकी आणावीत. एकाला बाहेरून तैलरंगाचे दोन हात द्यावेत आणि रंग पूर्ण वाळू द्यावा. मग दोन्ही मडकी रात्रभर पाण्याने भरून ठेवावीत, म्हणजे माती पुरेशी पाणी पिऊन घेते. सकाळी दोन्हींत सारखेच पाणी घालून, झाकण ठेवून, सावलीत पण वाऱ्याच्या जागी ठेवावीत. दर दोन तासांनी प्रत्येकाचे वजन करावे आणि पाण्याचे तापमान घ्यावे.

दुपारपर्यंत फरक ठळक दिसतो. रंगवलेल्या मडक्याचे वजन जवळजवळ तेवढेच राहते आणि पाणी कोमट होते. साध्या मडक्याचे वजन घटत जाते आणि पाणी गार होते. म्हणजे गारवा मातीत नाही. तो मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपून बाहेर उडून जाणाऱ्या पाण्यात आहे.

असे का होते? पाण्यातले सगळे रेणू सारख्या वेगाने हालत नाहीत. जे जास्त वेगवान असतात ते पृष्ठभागावरून सुटून हवेत जातात. मागे राहतात ते मंद रेणू. त्यांची सरासरी ऊर्जा कमी असते, आणि सरासरी ऊर्जा कमी होणे यालाच आपण तापमान उतरणे म्हणतो. आपल्या उन्हाळी तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते. तेच एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीला आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल पुरतात. म्हणजे पाणी उकळीला आणण्यापेक्षा त्याची वाफ करायला सातपट उष्णता लागते.

सातवीतल्या मुलीला इथे एक हिशेब करायला दिला. १० लिटर पाणी ८ अंशांनी थंड करायचे तर किती पाणी उडावे लागेल? १० गुणिले ४.२ गुणिले ८ म्हणजे ३३६ किलोज्यूल. त्याला २,४०० ने भागले की ०.१४ लिटर येते. म्हणजे जेमतेम एक फुलपात्र. माठ प्रत्यक्षात यापेक्षा जास्त पाणी घालवतो, कारण भोवतालची गरम हवा त्याला सतत तापवत असते आणि ती उष्णताही त्याला परतवावी लागते.

गारव्याची पायरी

माठ किती गार होऊ शकतो याला मर्यादा आहे का? आहे, आणि ती घरी मोजता येते. प्रयोगशाळेतले दोन साधे तापमापक घ्यावेत. (ताप मोजायचा तापमापक यासाठी वापरू नये. त्याची मापनश्रेणी ४२ अंशांच्या आसपास संपते. आपल्या दुपारी तो फुटायचा.) एका तापमापकाच्या फुग्याभोवती मलमलीची ओली चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. दुसरा कोरडा ठेवावा. दोन्ही सावलीत टांगून त्यांच्यावर पंख्याचा वारा सोडावा. पाच-दहा मिनिटांत ओल्या तापमापकाचा आकडा उतरून एका जागी थांबतो.

मे महिन्यात हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओला तापमापक साधारण २३ अंश दाखवतो. दोन्हींत २१ अंशांचा फरक! ओल्या तापमापकाचा आकडा ही गारव्याची शेवटची पायरी. माठ असो, वाळ्याच्या ताट्या असोत, अंगणातला सडा असो की कूलर, केवळ बाष्पीभवनाच्या जोरावर कोणीही याच्या खाली जाऊ शकत नाही.

आता मृग लागल्यानंतरचा एखादा दिवस घ्या. हवा ३६ अंश आणि आर्द्रता ६० टक्के. पारा आठ अंशांनी उतरलेला आहे, पण ओला तापमापक मात्र २९ अंशांवर गेलेला असतो. हवेत आधीच वाफ भरपूर असल्याने पाण्याला उडायला जागा उरलेली नसते. 'मे महिन्यात कूलर बरा चालतो आणि जूनमध्ये नुसता दमट वारा फेकतो,' या आपल्याकडच्या तक्रारीचे हे उत्तर आहे. कूलर दोन्ही महिन्यांत सारखाच असतो. बदलते ती हवा.

कूलर किती पाणी पितो?

वऱ्हाडात कूलर ही चैन राहिलेली नाही. पण त्याच्या टाकीत किती पाणी लागते हा हिशेब क्वचितच कोणी करतो. चांगला कूलर हवेला कोरड्या आणि ओल्या तापमापकांमधल्या अंतराच्या ८० टक्के खाली आणतो असे धरू. मे महिन्यातल्या वरच्या उदाहरणात २१ अंशांचे ८० टक्के म्हणजे सुमारे १७ अंश. ४४ अंशांची हवा २७ अंश होऊन खोलीत येते. जूनच्या उदाहरणात अंतर ७ अंशांचेच आहे, म्हणून उतार साडेपाच अंशांचा.

समजा, कूलर तासाला २,००० घनमीटर हवा फेकतो. या हवेचे वजन सुमारे २,२०० किलो. एक किलो हवा एक अंशाने थंड करायला साधारण एक किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणून १७ अंशांसाठी तासाला सुमारे ३७,००० किलोज्यूल. याला २,४०० ने भागा. उत्तर येते तासाला १५ लिटर पाणी. आठ तास कूलर चालला तर १२० लिटर. नळयोजना आखताना शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे एक कूलर हा पाण्याच्या हिशेबात घरातला आणखी एक माणूसच झाला.

हा आकडा मुलांनी घरी तपासावा. सकाळी टाकीत पातळीची खूण करायची, बादलीने मोजून पाणी भरायचे, आणि संध्याकाळी परत खुणेपर्यंत भरायला किती बादल्या लागल्या ते लिहायचे. अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचे आणि अकोल्याला महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी येते. मे महिन्यात ही धरणे उतरत असतात, आणि नेमके तेव्हाच प्रत्येक घरातला हा जास्तीचा माणूस सर्वांत तहानलेला असतो. कूलर वापरू नये असे आम्ही म्हणत नाही. पण उलट बाजूची खिडकी उघडी ठेवल्याशिवाय कूलर लावला, तर खोलीत वाफ कोंडते, ओल्या तापमापकाचा आकडा चढतो आणि गारवाही मिळत नाही. शेजारच्या रिकाम्या खोलीत चालू राहिलेला कूलर तासाला बादलीभर पाणी उगाच उडवत असतो. हे दोन्ही टाळणे आपल्या हाती आहे.

पाणी जाते, मीठ राहते

अकोल्याच्या अंगणात या प्रयोगाला वेगळीच दिशा मिळाली. 'जुन्या माठाचं पानी काई थंडं होत नाई,' असे आजी म्हणाली आणि मुलांनी 'का?' म्हणून विचारले. उत्तर माठाच्या पाठीवरच होते : पांढरा थर.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथले भूजल खारे आहे. पाणी उडते तेव्हा त्यातले क्षार उडत नाहीत. ते माठाच्या छिद्रांत साठतात, छिद्रे बुजतात आणि माठाला घाम फुटेनासा होतो. म्हणजे क्षार इथे आमच्या तैलरंगाचेच काम करतात.

हे दाखवायला स्टीलच्या दोन ताटल्या पुरतात. एकीत १०० मिलिलिटर नळाचे आणि दुसरीत तेवढेच बोअरचे पाणी घेऊन, वर पातळ फडके बांधून उन्हात ठेवावे. पाणी आटल्यावर तळाशी राहिलेला थर पाहावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. आता लिटरला एक ग्रॅम क्षार असलेले पाणी कूलरमध्ये घातले तर? रोज १२० लिटर पाणी उडणार आणि १२० ग्रॅम क्षार मागे राहणार. आठवड्याला पाऊण किलोहून जास्त! कूलरच्या गवताच्या जाळ्या कडक का होतात आणि टाकीतले पाणी मधूनमधून काढून का टाकावे, हे वेगळे सांगायला नको. खुरटी, खाऱ्या जमिनीतली पिके समजावून देतानाही ही ताटली उपयोगी पडते.

विटांचे कपाट

चौथीतल्या मुलाला मात्र काहीतरी बांधायचे होते. त्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात तयार केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष हा उत्तम नमुना आहे. सावलीत विटांचा एक थर जमिनीवर मांडायचा. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, मध्ये साडेसात सेंटिमीटर फट ठेवून रचायच्या. फटीत रेती भरून ती भिजवायची. वर बांबूच्या चौकटीवर ओले गोणपाट टाकायचे. सिमेंट लागत नाही, त्यामुळे पावसाळ्याआधी सगळे मोडून विटा परत ठेवता येतात. रेती सकाळ-संध्याकाळ भिजवावी लागते. त्यासाठी भाजी धुतलेले पाणी चालते.

आत टमाटे, पालक, सांबार ठेवावा आणि तेवढाच माल बाहेर टोपलीत ठेवून रोज दोन्हींचे वजन करावे. कांदा मात्र आत ठेवू नये. त्याला कोरडी, खेळती हवा लागते. आतल्या ओल्या हवेत तो सडतो किंवा त्याला मोड येतात. याच तत्त्वावर नायजेरियातले अध्यापक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात मडक्यात मडके ठेवून आणि मधल्या फटीत ओली रेती भरून भाजी टिकवण्याची पद्धत तिथल्या खेड्यापाड्यांत पोचवली. तिथली हवाही आपल्या मे महिन्यासारखी कोरडी असल्याने ती पद्धत चालली. कोकणात ती इतकी चालणार नाही. का, ते विद्यार्थ्यांनी सांगावे.

शरीर हाही माठच

हे सगळे प्रयोग ज्यासाठी करायचे ती गोष्ट शेवटी येते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करते, म्हणजे तासाला ३६० किलोज्यूल. हवा त्वचेपेक्षा गरम असली की ही उष्णता बाहेर टाकायला एकच मार्ग उरतो : घाम. नुसत्या बसल्या माणसाला त्यासाठी तासाला १५० मिलिलिटर घाम उडवावा लागतो. शिवाय उन्हातून आणि हवेतून येणारी उष्णता असतेच. उन्हात काम करणाऱ्याचा घाम तासाला लिटरभरही होतो. तेवढे पाणी पोटात गेले नाही, तर रिकाम्या माठासारखी शरीराची गत होते.

ओल्या तापमापकाचा आकडा ३५ अंशांवर गेला, तर घाम असूनही शरीर थंड होऊ शकत नाही, ही सैद्धांतिक मर्यादा आहे. अमेरिकेत निरोगी तरुणांवर केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेतली प्रत्यक्ष मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच आढळली. मग आपल्या मे महिन्यात २३ अंश म्हणजे आपण सुरक्षित का? नाही. कोरड्या हवेत घाम उडायला अडचण नसते, पण पुरेसा घाम तयार करणे शरीराला झेपत नाही. घाम लगेच वाळतो, म्हणून किती पाणी गेले ते कळतही नाही. हवा ४० अंशांवर असताना कोरड्या अंगावरचा पंखा उलट उष्णताच देतो. तोच पंखा ओल्या कपड्यावर घेतला की आपला ओला तापमापक होतो.

मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लावून कामगारांसाठी सावली व पाण्याची सोय करण्याचे आणि खाजगी शिकवण्यांच्या वेळा बदलण्याचे आदेश दिले होते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळाही राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे सुरू होतात. पण तोवर मोकळ्या हवेतला ओला तापमापक मे महिन्यापेक्षा बराच चढलेला असतो. पत्र्याच्या छपराखालच्या, साठ मुलांच्या श्वासाने भरलेल्या वर्गात तो किती दाखवेल? शाळेच्या पहिल्या आठवड्यात दोन तापमापक वर्गात टांगा. सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शेवटच्या तासाला दोन्ही आकडे मुलांना फळ्याच्या कोपऱ्यात लिहू द्या. एकदा खिडक्या बंद ठेवून आणि एकदा उघडून नोंद घ्या. खेळाचा तास केव्हा ठेवायचा आणि पाण्याची सुट्टी किती वेळा द्यायची, हे मग वेळापत्रकापेक्षा त्या आकड्यांना विचारता येईल.