परवान्याला राज्याची वेस

अमेरिकेत स्वमग्न मुलांसाठी काम करणाऱ्या वर्तन-विश्लेषकाने न्यू जर्सीहून टेक्सासला बिऱ्हाड हलविले, तर जुना परवाना तेथे चालत नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र देशभर ओळखले जाते. व्यवसायाचा परवाना मात्र ज्या त्या राज्याचा! टेक्सासमध्ये तो २०१८ पासून सक्तीचा आहे. म्हणजे ‘हस्तांतर’ हा शब्दच फसवा. करावा लागतो तो नवा अर्ज. प्रमाणपत्र वैध असल्यास पात्रता सिद्ध करण्याचा बराचसा खटाटोप वाचतो. संगणकावरून मार्गदर्शन करावे, तरी मूल जेथे असेल तेथील परवाना साधारणतः लागतोच. तेव्हा अर्ज स्थलांतरापूर्वीच करावा. खंडाची झळ मुलांनाही बसते. भारतात राहणाऱ्यांना तर २०२३ पासून या प्रमाणपत्रासाठी नव्याने अर्जच करता येत नाही.