तळीरामाची साखरपेरणी

जानेवारी १९१९ मध्ये राम गणेश गडकरी गेले आणि त्याच वर्षी त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. त्यातला तळीराम प्रेक्षकांना पोट धरून हसवतो. मला मात्र त्याची धास्तीच वाटते.

सुधाकर वकील, बुद्धिमान आणि तितकाच मानी. सनद तात्पुरती रद्द झाल्यामुळे तो अपमानाने जळत असतो. अशा वेळी कोणी दारूची थोरवी गायली असती, तर त्याने ती सहज खोडून काढली असती. तळीराम मोठा धोरणी! तो आधी त्याच्या दुःखाची बाजू घेतो, मग विसर पडण्याचा उपाय सुचवतो आणि मागतो तरी किती? फक्त एक प्याला! मागणे इतके लहान, की नाही म्हणणाऱ्यालाच संकोच व्हावा.

युक्तिवादाला वकील उत्तर देईल. सहानुभूतीला काय देणार? म्हणून घरातल्या मुलांना मी सांगतो, दुःखात कोणी ‘एकदाच’ म्हणाला, तर त्याच्या शब्दांची गोडी पाहू नका, त्याचा हेतू पाहा. बिचाऱ्या सिंधूच्या संसाराची राखरांगोळी त्या ‘एकच’ शब्दानेच केली.