झेक्ट आणि कृष्णाकांठचें ताट

द्राक्षांचा विषय निघाला कीं सातारा-सांगलीकडील मंडळींस प्रथम तासगांव आठवतें. तेथील बेदाणा दूरवर जातो. महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण आंखलें, त्यानंतर वाइन उद्योगासाठीं नाशिककडे विंचूर व सांगलीकडे पलूस हीं स्थळें पुढें आलीं. परंतु वाइन करणें ही एक विद्या, आणि ती अन्नाशीं जुळविणें ही दुसरी. या दुसऱ्या विद्येचे नियम समजण्यास जर्मनीच्या फेसाळ वाइनचें, म्हणजे झेक्टचें, उदाहरण फार सोयीचें आहे.

शँपेन प्रांतांतील एका नामांकित पेढीवर काम केलेल्या गेऑर्ग केसलर या गृहस्थानें १८२६ सालीं एस्लिंगेन येथें फेसाळ वाइनचा कारखाना काढला. कृति थोडक्यांत अशी : तयार वाइनमध्यें साखर व किण्व घालून ती बाटलींत किंवा मोठ्या टाकींत कोंडतात. किण्व साखर खातें; त्यापासून होणाऱ्या कर्बवायूस वाट न मिळाल्यानें तो वाइनमध्येंच विरघळतो. उत्तम झेक्टसाठीं बहुधा रीस्लिंग द्राक्षें घेतात. थंड हवेंत पिकल्यामुळें त्यांत आंबटपणा टिकून राहतो.

येथें एक फसगत संभवते. चिठ्ठीवरील ‘ट्रोकन’ या शब्दाचा अर्थ कोरडी, म्हणजे गोड नसलेली. साध्या वाइनवर हा शब्द असल्यास लिटरमागें साखर ९ ग्रॅमहून अधिक नसते. झेक्टवर मात्र त्याच शब्दाचा अर्थ १७ ते ३२ ग्रॅम असा होतो! खरोखर कोरडा झेक्ट हवा असल्यास ‘ब्रूट’ शब्द पाहावा. त्यांत साखर १२ ग्रॅमहून कमी असते. ‘हाल्बट्रोकन’मध्यें ती ३२ ते ५० ग्रॅम असते.

आतां ताटाकडे वळूं. आंबटपणा व बुडबुडे तेलाचा थर जिभेवरून धुऊन काढतात, आणि मीठ आंबटपणाची धार बोथट करतें. म्हणून सांगलीचें भडंग, कोथिंबिरीची वडी किंवा तळलेला मासा यांस ब्रूट शोभतो. पिठलें-भाकरी व खर्डा यांची गोष्ट वेगळी. मिरचीनें पोळलेल्या जिभेस मद्यार्क व वायु दोन्ही अधिकच झोंबतात. त्या दाहास शमविणारी वस्तु म्हणजे साखर. अशा जेवणास ट्रोकन किंवा हाल्बट्रोकन बरा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीशींही हाल्बट्रोकनचें जमतें. साताऱ्याच्या कंदी पेढ्यापुढें मात्र तोही हरतो. कारण पदार्थ वाइनहून गोड असला कीं वाइन आंबट व पातळ लागते. पेढा एकटाच खावा हें उत्तम.

झेक्ट ६ ते ८ अंश सेंटिग्रेडवर थंड हवा. सांगलीच्या उन्हाळ्यांत ही केवळ चोखंदळपणाची बाब नव्हे. वीस अंशांवर बाटलींतील दाब निदान साडेतीन बार, म्हणजे मोटारीच्या सामान्य टायरमधील दाबाहून अधिक असतो. उष्णतेनें तो आणखी वाढतो. अशा बाटलीचें बूच सुटून डोळ्यास लागल्यास दृष्टि जाऊं शकते. म्हणून बाटली अर्धा तास बर्फाच्या पाण्यांत ठेवावी, तिचें तोंड कोणाकडेही करूं नये, आणि बूच घट्ट धरून बाटलीच हळूहळू फिरवावी.

महाराष्ट्रांत १९४९ च्या कायद्यान्वयें मद्यपानास परवाना लागतो, आणि अनेक घरांत तें वर्ज्यच आहे. तरी या विद्येचें मर्म तेथेंही परकें नाहीं. तेलकट-तिखट जेवणानंतर गार, आंबूस ताकाची वाटी पुढें करणाऱ्या गृहिणीनें हाच नियम कोणत्याही चिठ्ठीवांचून जाणला आहे.