माहुलकरांच्या रक्तात काय आहे?

२०२५ मध्ये मुंबई महापालिकेने माहुलमधली ९,०९८ रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. किंमत १२ लाख ६० हजार. चेंबूरच्या शेजारी या भावात घर मिळतंय म्हटल्यावर उड्या पडायला हव्या होत्या. पडल्या नाहीत. कर्मचारी महापालिकेचेच; त्यांना माहुल ठाऊक आहे. तरीही घ्यावं की नाही या विचारात असलेल्या एका ओळखीच्या मुलाला कुणीतरी समजावलं, ‘‘पहिले सहा महिने खोकला येतो, मग इम्युनिटी तयार होते. नाहीच झाली, तर समजायचं की आपली प्रकृतीच नाजूक.’’

हे शेवटचं वाक्य मी माहुलच्या गावठाणात वर्षानुवर्षं ऐकत आले आहे आणि दर वेळी डोक्यात तिडीक जाते. कारण रोगप्रतिकारशक्तीच्या ज्या शास्त्राच्या जिवावर ते खपवलं जातं, त्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या शास्त्रातल्या एका मोठ्या शोधालाही याच २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली. तेव्हा हिशेब मांडायला निमित्त बरं आहे.

पहिली वीस वर्षं भराभर ओलांडते. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किसलिंग आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये अशा पेशी दाखवल्या, ज्या आधीची काही ओळखदेख नसताना कर्करोगाच्या पेशी मारतात. अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनाही त्याच सुमारास त्या दिसल्या. नाव पडलं नॅचरल किलर. प्रयोगशाळेत सगळे एनके म्हणतात. मग या पेशी ओळखतात तरी काय, यावर बरीच वर्षं घोळ. १९८६ मध्ये क्लास केरे यांनी त्याची उकल केली: एनके पेशी परक्याला शोधत नाहीत, समोरच्या पेशीवर आपलेपणाची खूण नसेल तर मारतात. माणसात ही खूण म्हणजे एचएलए. विषाणू किंवा कर्करोग ती खूण लपवतो आणि तिथेच सापडतो.

माझा काळ त्यानंतरचा, १९९५ ते २००५. ही खूण तपासणारे एनके पेशींवरचे रिसेप्टर ज्या जनुकांपासून बनतात, ती केआयआर जनुकं १९९५ मध्ये हाती लागली. तेव्हा मी परळच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. चेंबूरहून हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून परळ. केसांना रिफायनरीचा वास असायचा, दुपारपर्यंत तो प्रयोगशाळेच्या वासात मिसळून जायचा.

तेव्हाचं काम हाताचं होतं. एचएलए तपासायला छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटल्या, त्यात अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तातला सीरम. पोटातल्या बाळाने बापाकडून आणलेल्या खुणांविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झालेली असत. त्या बायकांच्या सीरमच्या कुपी आम्ही सोन्यासारख्या जपायचो. एनके पेशी किती मारतात ते बघायचं, तर के-५६२ नावाच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी घ्यायच्या, कारण त्यांच्यावर एचएलएची खूण नसते. त्यांत क्रोमियम-५१ भरायचं, दात्याच्या पेशी मिसळायच्या, चार तास थांबायचं आणि वरच्या द्रवात किती क्रोमियम सांडलं ते मोजायचं. क्रोमियम ट्रॉम्बेहून यायचं, म्हणजे आमच्या गावाशेजारूनच. साधारण २८ दिवसांत ते निम्मं होतं, त्यामुळे खोकं उशिरा आलं की आमच्या बाई कॅलेंडरकडे बघून चिडायच्या. एकाच दिवशी, एकाच हाताने लावलेल्या प्रयोगात दोन धडधाकट माणसांचे आकडे कुठल्या कुठे. एकाच्या पेशी नुसत्या बसून, दुसऱ्याच्या सुसाट.

याचं कारण पुढे जेलवर दिसायला लागलं. एका माणसाच्या डीएनएला सोळा रकाने, एकेका केआयआर जनुकाला एक. अतिनील दिव्याखाली कुणाच्या सोळापैकी नऊच रेषा उजळत, कुणाच्या जवळजवळ सगळ्या. रक्तगटातला फरक त्यापुढे काहीच नाही. त्यात गंमत अशी, की केआयआर एकोणिसाव्या गुणसूत्रावर आणि एचएलए सहाव्यावर, दोन्ही स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत उतरतात. म्हणजे किल्ली वारशात मिळावी आणि तिचं कुलूप घरात नसावं, असंही होतं. काही रिसेप्टर पेशीला आवरतात, काही चिथावतात. आणि आवरणाऱ्या रिसेप्टरला स्वतःच्याच शरीरात जुळती खूण मिळाली, तरच ती पेशी तयारीची होते. ज्या पेशीला ती कधी भेटलीच नाही, ती मंद राहते.

२००२ हे त्या दशकातलं माझं वर्ष. मेरी कॅरिंग्टन यांच्या गटाने दाखवलं, की केआयआर-३डीएस१ आणि एचएलए-बीचा ठरावीक प्रकार एकत्र आले, तर एचआयव्हीची लागण एड्सपर्यंत सावकाश पोहोचते. त्याच वर्षी इटलीतल्या पेरुजियाहून बातमी आली, की ल्युकेमियाच्या काही प्रकारांत दाता आणि रुग्ण यांच्या या खुणा न जुळणंच फायद्याचं ठरतं. दात्याच्या एनके पेशी उरलासुरला कर्करोग मारतात. ज्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं, ते आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. इथे मात्र एचआयव्हीची माणसं औषधाविना जात होती. सरकारी मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. त्या आधीच्या वर्षांत दोन माणसांना एकाच वेळी लागण होऊन एक टिकला नि एक गेला, की नातेवाईक विचारत, ‘‘याला काय झालं नाही, आमच्यालाच का?’’ उत्तराचा निदान एक धागा हाती आला होता. आमचे एक वरिष्ठ म्हणाले, ‘‘हे परदेशी फॅड आहे, दोन वर्षांत विरेल.’’ दोन वर्षांत ते स्वतःच निवृत्त झाले.

फॅड विरलं नाही. २००४ मध्ये गर्भारपणातल्या रक्तदाबाशी या जनुकांचा संबंध दिसला. २००८ मध्ये ‘इम्युनोजेनेटिक्स’ या नियतकालिकात पारशी आणि भारतातल्या इतर समूहांच्या केआयआरची तुलना छापून आली. पहिलं नाव स्मिता कुलकर्णी, लेखकांत टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि मेरी कॅरिंग्टनही. आपल्याकडे चिथावणारी जनुकं जास्त असलेला केआयआरचा ब गट जपान-चीनपेक्षा बराच अधिक आढळतो. परळला हे शोभणारंच होतं. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे यांनी बॉम्बे रक्तगट जगापुढे आणला, तो याच शहरात.

त्या ताटल्या गेल्या, क्रोमियम गेलं, आता यंत्र अख्खा क्रम वाचून देतं. काम उत्तम होतं. पण समोरासमोर दोन माणसांच्या पेशी किती मारतात ते मोजल्यावर ‘फरक’ या गोष्टीचा जो धाक बसतो, तो संगणकाच्या पडद्यावर बसत नाही. म्हणूनच बहुधा कोविडच्या काळात काढेवाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी इम्युनिटी म्हणजे टाकी असल्यासारखी ‘वाढवायला’ घेतली. चिथावणारे रिसेप्टर जास्त म्हणजे माणूस जास्त निरोगी, असं मुळीच नाही. त्याच जनुकांची नावं सोरायसिससारख्या आजारांतही येतात. शिवाय वय आहे, आधी होऊन गेलेले विषाणू आहेत. जनुकं एकटी काहीच ठरवत नाहीत.

आता माहुल. आमच्या खाडीकाठी १९५४-५५ मध्ये दोन रिफायनऱ्या आल्या, मागून रसायनांच्या टाक्या. २०१३ च्या केईएम रुग्णालयाच्या पाहणीत इथल्या ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. डोळ्यांची जळजळ ८६.६ टक्क्यांना. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं इथेच आणून टाकली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की यांना दुसरीकडे राहायला महिना १५ हजार भाडं द्या. २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींचा भुर्दंड ठोठावला.

आणि तरी ‘प्रकृती नाजूक’! जेलवर सोळा रकाने बघितलेली बाई म्हणून सांगते: जनुकांतला फरक दोन शेजाऱ्यांतला फरक सांगतो. एक खोकतो, दुसरा खोकत नाही, तिथे त्याचा उपयोग. दहातल्या आठ-नऊ जणांचे डोळे चुरचुरतात तेव्हा शेजाऱ्यांत फरक उरलेलाच नसतो. गावठाणातला आगरी-कोळी, तानसाकाठचा बिहारी आणि घाटकोपरहून हलवलेला कोकणी यांचे केआयआर एकसारखे निघणं शक्य नाही. त्यांनी श्वासात घेतलेली हवा मात्र एकच आहे. त्या हवेतलं बेंझीन रक्त बनवणाऱ्या पेशींवरच घाव घालतं, आणि एनके पेशी तिथूनच जन्मतात. वारसा कितीही चांगला असो, मुळावर घाव बसला तर तो काय कामाचा?

महापालिकेला घरं विकायची तर खुशाल विकावीत. फक्त अर्जासोबत केईएमची २०१३ ची पाहणी आणि लवादाचा २०१५ चा निकाल मराठीत छापून जोडावा, आणि घर घेणाऱ्याने सही करण्याआधी दोन्ही वाचावेत.