उडता न येणारा सुपरमॅन

निळा पोशाख, पाठीवर फडफडणारा लाल झगा, छातीवर ‘एस’ हे अक्षर आणि क्षणात आकाशात झेप! सुपरमॅन कोणाला ठाऊक नाही? घरातली चार वर्षांची मुलेसुद्धा खांद्याला टॉवेल बांधून पलंगावरून उडी मारतात, तेव्हा ती सुपरमॅनच झालेली असतात. पण या सुपरमॅनला सुरुवातीला उडताच येत नव्हते, असे सांगितले तर किती जणांचा विश्वास बसेल?

विश्वास बसत नसेल, तर त्याच्या अगदी पहिल्या गोष्टी वाचायला हव्यात. मूळ अंक हाती लागणे मात्र कठीण. ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ साली अमेरिकेत १० सेंटला मिळत होता. त्याची एक जपून ठेवलेली प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला विकली गेली. सामान्य वाचकाच्या मदतीला येतात ते संग्रह. प्रकाशकांनी २००६ पासून ‘सुपरमॅन क्रॉनिकल्स’ या नावाने जुन्या गोष्टी प्रसिद्धीच्या क्रमाने खंडरूपात काढल्या. पहिल्या खंडात १९३८ आणि १९३९ या दोन वर्षांतल्या गोष्टी आहेत. तो हातात घेतला, की ओळखीच्या नावाचा एक अनोळखी माणूस भेटतो.

मुंगी आणि नाकतोडा

पहिल्याच पानावर त्याच्या शक्तीचा हिशेब दिलेला आहे. एका उडीत तो मैलाचा आठवा भाग, म्हणजे साधारण २०० मीटर अंतर कापतो. वीस मजली इमारत ओलांडतो. एक्सप्रेस गाडीपेक्षा वेगाने धावतो. तोफगोळ्यापेक्षा कमी ताकदीची कोणतीही वस्तू त्याची कातडी भेदू शकत नाही. बस, इतकेच! आणि हे कसे शक्य आहे, तेही समजावले आहे. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते, नाकतोडा स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट उडी मारतो, मग परग्रहावरचा माणूस का नाही? लहान मुलालाही पटावे, असे हे शास्त्र आहे.

उडण्याची शक्ती, क्रिप्टोनाइट नावाचा घातक दगड या सगळ्या गोष्टी रेडिओ, कार्टूनपट आणि पुढच्या अंकांतून १९४० नंतर हळूहळू आल्या. पहिला सुपरमॅन आपला उड्या मारत, धावत, दारे तोडत न्याय करत फिरतो.

पहिली गोष्ट अवघ्या १३ पानांची. सुरुवातच अशी, की जणू चालत्या गाडीत आपल्याला कोणी चढवले! मध्यरात्री सुपरमॅन राज्यपालाच्या घराकडे धाव घेतो आहे, कारण एका निरपराध स्त्रीला थोड्याच वेळात मृत्युदंड होणार आहे. नोकर दार उघडत नाही, तेव्हा तो दारच उखडतो. या आधी काय घडले, ते सांगितलेलेच नाही. याचे कारण गमतीचे आहे. ही गोष्ट मुळात वृत्तपत्रांतल्या रोजच्या चित्रपट्टीसाठी काढली होती. मासिकात छापायची वेळ आली, तेव्हा त्या पट्ट्या कापून पानांवर चिकटवल्या आणि सुरुवातीचा भाग गळला. तो १९३९ साली ‘सुपरमॅन’ या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्या अंकात आला. संग्रहात दोन्ही वाचायला मिळतात. कोडे एका ठिकाणी आणि उत्तर दुसऱ्या ठिकाणी, अशी ती मजा आहे.

शत्रू कोण?

आजच्या मुलांना सुपरमॅनचे शत्रू म्हणजे अक्राळविक्राळ राक्षस किंवा परग्रहावरचे सेनापती वाटतात. पहिल्या खंडात त्यांपैकी कोणीही नाही. पहिल्याच गोष्टीत एक नवरा बायकोला मारत असल्याची खबर येते. सुपरमॅन थेट त्या घरात शिरतो आणि नवऱ्याला उचलून भिंतीवर आपटतो. नवरा सुरी घेऊन धावतो, पण सुरीचे पातेच तुटते आणि हा शूर गडी बेशुद्ध पडतो. वाचताना हसू येते, पण १९३८ सालच्या १० सेंटच्या पुस्तकात ‘हा त्यांचा घरगुती मामला’ असे म्हणून कोणी तोंड फिरवत नाही, हेही लक्षात राहते.

पुढच्या अंकात तो शस्त्रे विकण्यासाठी युद्ध पेटवणाऱ्या कारखानदाराला त्याच युद्धात शिपाई म्हणून भरती व्हायला लावतो. तिसऱ्या अंकात खाणीत अपघात होतो. मालकाला कामगारांच्या सुरक्षिततेवर पैसा खर्च करायचा नसतो. मालक आणि त्याचे पाहुणे मेजवानीच्या मौजेत खाली खाणीत उतरतात, तेव्हा खाणकामगाराच्या वेषातला सुपरमॅन खाण कोसळवून वाट बंद करतो. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा गंजलेली आहे, हे मालकाला तेव्हा कळते. बाहेर आल्यावर तो देशातली सर्वांत सुरक्षित खाण बनवण्याचे वचन देतो. आणखी एका गोष्टीत सुपरमॅन गलिच्छ वस्ती जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला तिथे चांगली घरे बांधून द्यावीच लागतील! हा मार्ग योग्य की अयोग्य, यावर घरात मुलांशी छान वाद घालता येईल.

पत्रकार लॉइस लेनही पहिल्याच अंकात भेटते. नाचताना अंगचटीला येणाऱ्या गुंडाच्या ती थोबाडीत मारते. धरण फुटण्याची बातमी मुलीच्या आवाक्यातली नाही, असे संपादक म्हणतात, तेव्हा ती क्लार्कला खोट्या कामावर पिटाळून स्वतः धरणावर पोहोचते. तिची सुटका सुपरमॅन करतो हे खरे, पण बातमीसाठी जीव धोक्यात घालायला ती कोणाची परवानगी मागत नाही.

क्लीव्हलँडची दोन पोरे

हा राग, ही न्यायाची भूक आली कुठून? क्लीव्हलँड शहरातल्या एका शाळेत जेरी सीगल आणि जो शूस्टर यांची मैत्री झाली. दोघांचा जन्म १९१४ सालचा, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, लाजाळू, विज्ञानकथांचे वेडे. जेरी लिहायचा, जो चित्रे काढायचा. महामंदीचे दिवस होते. कागद परवडत नसे, तेव्हा जो बांधणीच्या कागदावर चित्रे काढी. १९३२ मध्ये दुकानात चोर शिरले असताना जेरीच्या वडिलांचा मृत्यू झाला. गोळीलाही न जुमानणाऱ्या नायकाची कल्पना याच घरातून यावी, हा योगायोग नाही, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

काही वर्षे वृत्तपत्रांनी त्यांचा सुपरमॅन नाकारला. अखेर १९३८ मध्ये प्रकाशक मिळाला. दर पानाला १० डॉलर, १३ पानांचे १३० डॉलर. त्या रकमेबरोबर सुपरमॅनचे सर्व हक्कही त्यांनी लिहून दिले. तेव्हा दोघेही चोविशीच्या आत होते. पुढे सुपरमॅनने प्रकाशकांना किती मिळवून दिले, हे सांगायला नको. १९४७ मध्ये दोघांनी दावा लावला. सुपरमॅनचा हक्क प्रकाशकांकडेच राहिला, त्यांचे काम गेले आणि सुपरमॅनच्या गोष्टींवरून त्यांची नावेही गेली.

१९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट काढण्याची तयारी सुरू होती, तेव्हा जेरी लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता आणि जो जवळजवळ आंधळा होऊन भावाच्या आश्रयाने राहत होता. जेरीने आपली कहाणी वृत्तपत्रांना कळवली. इतर चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर देण्याचे मान्य केले, आणि निर्माते म्हणून त्यांची नावेही परत आली. जो १९९२ मध्ये गेला, जेरी १९९६ मध्ये.

हे ठाऊक झाल्यावर खाणमालकाची गोष्ट पुन्हा वाचून पाहावी. ती वेगळी लागते. दुबळ्यांच्या बाजूने धावून जाणारा नायक ज्यांनी जगाला दिला, त्यांच्यासाठी धावून यायला तब्बल सदतीस वर्षे कोणी नव्हते.

वाचावे कसे?

हे पुस्तक एका बैठकीत संपवू नये. गोष्टी दर महिन्याला एक, अशा वाचल्या जाव्यात म्हणून लिहिलेल्या आहेत. एकापाठोपाठ वाचल्या तर त्याच त्या वाटतात. रोज रात्री जेवणानंतर एक, हे प्रमाण उत्तम. चित्रे ओबडधोबड आहेत, चेहरे कधी कधी एकसारखे दिसतात, पण जोच्या रेषेत वेग आहे. ज्यांचे बालपण इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या सोबतीने गेले, त्यांना ही जुन्या वळणाची चित्रे लगेच आपलीशी वाटतील. वेताळही त्याच काळातला, सुपरमॅनपेक्षा दोनच वर्षांनी मोठा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पुढच्या खंडांत महायुद्धाचा काळ येतो आणि त्या वेळच्या अमेरिकन कॉमिक्समध्ये जपानी लोकांची चित्रे अतिशय हिणकस पद्धतीने काढलेली आढळतात. असे पान आले, तर ते मुलांपासून लपवण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून त्याबद्दल बोलावे.

आणि आणखी एक. मुलांना पुस्तक वाचून दाखवताना आपण सहसा थेट गोष्टीवर येतो. या पुस्तकाच्या बाबतीत आधी थांबून दोन नावे मोठ्याने वाचावीत : जेरी सीगल आणि जो शूस्टर. ती छापली जावीत म्हणून दोन म्हाताऱ्यांना फार वाट पाहावी लागली होती.