दोन विमानांमधील धर्मशाळा

ट्रॉम्बेहून सुटलेली आगगाडी कुर्ल्यावरून अंधेरीला जात असे, हे आजच्या तरुण पिढीला सांगितले तर खरे वाटणार नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सुमारे १३ किलोमीटरचा हा मार्ग १९२८ साली सुरू झाला आणि १९३४ साली बंद पडला. पुढे त्याच परिसरात सांताक्रूझचा विमानतळ उभा राहिला. आज ट्रॉम्बेचे कुटुंब चेंबूरवरून सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्याने टर्मिनल २ गाठते. हा रस्ता आणि हे टर्मिनल, दोन्ही २०१४ साली खुली झाली.

व्यापारानिमित्त अँटवर्प किंवा न्यूयॉर्कला जाणारा प्रवासी बहुधा वाटेत कोठेतरी विमान बदलतो. दोन विमानांमधल्या त्या चार-सहा तासांच्या थांब्याला लेओव्हर म्हणतात आणि तो वेळ घालविण्याच्या विश्रामकक्षाला लाउंज. ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली आपल्या निवडक प्रवाशांसाठी ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ उघडला. १९९२ साली ‘प्रायॉरिटी पास’ आला आणि कोणत्याही विमान कंपनीच्या प्रवाशाला शुल्क भरून लाउंजमध्ये बसण्याची सोय झाली. आता तर बँकांच्या कार्डांनी हे दार मध्यमवर्गालाही उघडून दिले आहे.

मुंबईच्या सी. पी. टँक भागात शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी हिराबाग धर्मशाळा बांधली. तेथे उतरणाऱ्या यात्रेकरूला हवे असे ते विसावा, पाणी आणि सामान ठेवण्याची निर्धास्त जागा. लाउंज हेच देते. फरक आहे तो हिशेबाचा. कार्ड दाखवून मिळणारा प्रवेश फुकट वाटतो, परंतु बँक प्रत्येक भेटीचे पैसे मोजत असते आणि ते कोठून तरी वसूल करीत असते. अलीकडे अनेक बँकांनी ठरावीक खर्चाची अट घातली आहे. केवळ लाउंजसाठी वाढविलेला खर्च ही बचत नव्हे, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

ताटाचा प्रश्न याहून नाजूक. तिकिटासोबत किमान एक-दोन दिवस आधी नोंदविलेले जैन भोजन विमानातच मिळते. लाउंजच्या स्वयंपाकघराला त्या नोंदीची वार्ताही नसते. तेथे ‘शाकाहारी’ अशी पाटी असली तरी कांदा, लसूण, बटाटा असू शकतो. परदेशात सूप मांसाच्या अर्काचे असू शकते, जेलीत जिलेटिन असते, काही चीज वासराच्या जठरातील रेनेटने बनते आणि केकमध्ये अंडे असते. म्हणून साधा भात, फळे, सुका मेवा आणि घरची शिदोरी हाच भरवशाचा मार्ग. खाखरा व थेपले तपासणीतून जातात. लोणचे, छुंदा मात्र हातातील सामानात ठेवू नये. ताजी फळे व घरचा खाऊ घेऊन दुसऱ्या देशात उतरायचे असेल, तर तेथील नियम आधी पाहावेत. बाटली रिकामी न्यावी. उकळलेले पाणी पिणाऱ्याने चहाच्या यंत्राचे गरम पाणी नुसते गरम आहे की उकळलेले, हे विचारून घ्यावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. मनगटावरचे घड्याळ मुंबईचे असले तरी खिडकीबाहेरचा सूर्य त्या गावचा असतो. थांब्याच्या शहरातील सूर्यास्ताची वेळ घरूनच टिपून न्यावी आणि शंका असल्यास निघण्यापूर्वीच गुरुजनांना विचारावे.

लाउंजचा खरा धोका म्हणजे तेथील मऊ खुर्ची. पुष्कळ लाउंजमध्ये विमानाची उद्घोषणा होत नाही. विमानाचे दार उड्डाणापूर्वी सुमारे २० मिनिटे बंद होते आणि मोठ्या विमानतळावर तेथवर चालायलाच पाव तास लागतो. गजर लावूनच टेकावे. बाहेर पडून शहर पाहण्याचा मोह झाल्यास अनेक देशांत व्हिसा लागतो. काही देशांत तर केवळ विमान बदलण्यासाठीही तो लागतो.

एक प्रसंग मात्र दारातच उभा राहतो. कार्ड मुलाचे, प्रवेश एकाचा, आणि सोबत आई-वडील. पाहुण्यांचे शुल्क ऐकताच आई म्हणते, “तू जाऊन ये, आम्ही इथे बाकावर बसतो.” मुलगा आत गेला तर त्याला खुर्ची मऊ मिळेल, चहाही मिळेल. पण धर्मशाळेच्या दारात कुटुंबाची अशी वाटणी होत नसे. अशा वेळी एक तर आई-वडिलांचे पैसे भरावेत, नाही तर तिघांनीही बाकावर बसून खाखऱ्याचा डबा उघडावा. त्या बाकावरचा थांबाही कोणत्याही लाउंजइतकाच सुखाचा ठरतो.